तुरीतला बॉल

अहमदपुरात माझं किराणा दुकान आहे, आणि ते बंद दिसलं की गल्लीतली माणसं विचारायला येतात, कोण गेलं? त्यांचंही बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वी बायको वारली तेव्हा ते बंद होतं. त्यानंतर बंद राहिलं ते एकदम सव्वा वर्षापूर्वी, हिवाळ्यातल्या एका रविवारी. शटर उघडायच्या वेळेला मला पिशवी घेऊन उलट्या दिशेनं चाललेलं बघून शेजारचा टेलर बनियनवरच बाहेर आला.

"अप्पा, काय झालं?"

"काही न्हाई. नांदेडला मॅच बघायला चाललो."

"कशाची?"

"बेसबॉलची."

त्याला वाटलं मी त्याची थट्टा करून राहिलो. आता त्याला समजावत बसलो असतो तर एसटी गेली असती. मी म्हणालो, आल्यावर सांगतो, आणि निघालो.

मला एकच मुलगी. नांदेडला कॉलेजात शिकते, होस्टेलला राहते, आणि कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये पिचर आहे. म्हणजे मधल्या मातीच्या ढिगावर उभं राहून समोरच्या बॅटवालीला बॉल टाकणारी. शाळेत असल्यापासून हा नाद. तालुका झाला, जिल्हा झाला, विभाग झाला, कधी लातूर, कधी उदगीर. सगळीकडं तिची आई जायची. पाण्याचा कॅन, डबा, सतरंजी घेऊन दिवसभर उन्हात बसायची. मी दुकानात. दुकान कुणी बघायचं? संध्याकाळी आल्यावर मायलेकी जेवता जेवता मॅचवर बोलायच्या आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी म्हणायचो, बोलत बसा, आधी इकडं भाकर तर वाढा. त्या हसायच्या आणि भाकर वाढून परत सुरू व्हायच्या.

बायको गेल्यावर ते बोलणं बंद पडलं. मुलगी होस्टेलला, मी इथं. रोज फोन होतो. जेवलीस का. जेवले, तुम्ही? हाव. बरं, ठेवते. आमचा फोन हा एवढाच. दिवसभर मी गिऱ्हाइकाशी तोंड दुखेपर्यंत बोलतो, आणि पोटच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की गोदामात काय शिल्लक आहे ते शोधल्यासारखं होतं.

म्हणून मी बेसबॉल शिकायला घेतला. हसू नका. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मोबाईलवर बघायचो. काउंटरवर खोबऱ्याच्या चार वाट्या मांडायचो, ते माझे चार बेस, आणि सुपाऱ्या म्हणजे पोरी. बॅटवालीचा बॉल हुकला की स्ट्राईक, तीन स्ट्राईक पडले की ती आऊट. तिघी आऊट झाल्या की डाव फिरला. बॅटवाली चारही बेस फिरून घरी आली की एक रन. बॉल रेषेच्या बाहेर गेला तर फाऊल. एका म्हातारीनं विचारलंसुद्धा, अप्पा, खोबरं मांडून काय पूजा करून राहिलात? मी हाव म्हणालो.

त्या आठवड्यात बुधवारी मुलगी फोनवर नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त बोलली. "रविवारी फायनल हाय विष्णुपुरीला, लातूरच्या कॉलेजसंगं. तिथंच विद्यापीठाची टीम निवडणार." मी विचारलं, "तू येशील का निवडीत?" ती म्हणाली, "पिचरची एकच जागा उरली. मी न्हाईतर लातूरची." आदल्या वर्षी तिला निवडीतून माघारी पाठवलं होतं. शेवटच्या डावात दडपण आलं की हिचा हात ढिला पडतो, असं निवडणारे म्हणाले होते. ते तिनं मला सांगितलं नव्हतं. तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. त्या वेळी पोरगी दोन दिवस जेवली नव्हती म्हणे, आणि मला फोनवर रोज 'जेवले' म्हणत होती.

'या' असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. बरं, म्हणालो आणि ठेवला.

तर एसटीत बसलो. लोह्याला चहा घेतला. विष्णुपुरीला उतरून मैदान शोधत गेलो. मला वाटलं होतं फायनल म्हणजे गर्दी असेल, निदान आवाजावरून तरी सापडेल. कसलं काय. एका कडेला छोटा मांडव, त्यात टेबल, त्यावर ढाल आणि तीन खुर्च्या. त्या खुर्च्यांत निवड समितीचे तिघं. दोन्ही टीमच्या पोरी, त्यांचे सर, पंच, आणि बघायला आलेली मोजून दहा-बारा माणसं. इंजिनिअरिंगची दोन पोरं मोटारसायकल थांबवून विचारायला लागली, काका, क्रिकेट हाय का? मी म्हणालो, बेसबॉल. अच्छा, म्हणाली आणि गेली.

मुलीनं मला बघितलं तेव्हा ती हात फिरवत होती. पळतच आली.

"तुम्ही? आन दुकान?"

"बंद."

"कामून? कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं. मॅच बघायला आलो."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "उन्हात बसू नका, त्या लिंबाखाली बसा," आणि गेली. लिंबाच्या मागं बांध होता आणि बांधापलीकडं कुणाची तरी तूर, माणसाच्या छातीएवढी, शेंगांनी भरलेली.

खेळ सुरू झाला आणि मी तिला पहिल्यांदा बॉल टाकताना बघितलं. एकोणीस वर्षांची पोरगी, आणि मी पहिल्यांदा बघत होतो. ती एक पाय उचलायची, क्षणभर तशीच थांबायची, आणि मग तो हात असा यायचा की बॉल बॅटवालीच्या मागं बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फाडकन वाजायचा. समोरची पोरगी बॅट फिरवून गरकन फिरायची. हे लेकरू घरी पाण्याचा तांब्या उचलताना कुरकुर करतं. अभिमान वाटला असं लिहायला पाहिजे, वाटलाही, पण तो नंतर. आधी मला फार एकटं वाटलं. माझ्याच घरातल्या दोन माणसांचं केवढं मोठं जग होतं, आणि मी सगळी वर्षं त्याच्या बाहेर तराजू धरून बसलो होतो.

एकदा मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवल्या. आमच्या टीमच्या एका पोरीनं मारलेला बॉल लांब गेला म्हणून मी उठून वाजवल्या, तर तो फाऊल होता. दहा-बारा माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बसलो.

मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. मी डबा नेला होता, ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. तिनं उभ्या उभ्या अर्धी भाकर खाल्ली.

"चटणी कुणी केली?"

"मी."

"मीठ जास्त हाय," म्हणाली, आणि उरलेली अर्धीही खाऊन गेली.

आता त्या बॉलचं सांगतो. आपल्याकडं या खेळाचे बॉल काही ढिगानं नसतात. स्पर्धेसाठी म्हणून थोडे दिलेले असतात आणि बॉल शेतात गेला की खेळ थांबवून सगळ्यांनी शोधायला जायचं. दोन्ही टीमच्या पोरी, सर, पंच, बघणारे, सगळे. खुरपायला बाया लागतात तशी ओळ धरून वाकून पुढं सरकायचं. सकाळपासून एका बॉलची शिवण उसवली होती, एक कालव्यात गेला होता, आणि दुपारनंतर एकच उरला होता. तो दोनदा तुरीत गेला आणि दोनदा सापडला. तुरीची मालकीण बांधावर उभी राहून ओरडत होती, शेंगा झडून राहिल्या, सांभाळून चाला. पोरी हाव मावशी, हाव मावशी करत शोधत होत्या.

शेवटचा डाव आला. आमचे सहा रन, लातूरचे पाच, आणि बॅट लातूरकडं. आमच्या पोरीनं दोघींना आऊट केलं. एक राहिली. पण तेवढ्यात लातूरच्या दोघी बेसवर पोचल्या होत्या, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. म्हणजे आता एक बरा फटका बसला की दोघी घरी येणार, सात रन, खेळ संपला. मांडवातला समितीचा मुख्य माणूस खुर्ची पुढं ओढून बसला. आदल्या वर्षीही इथंच अडलं होतं, असाच शेवटचा डाव.

आता बॅट घेऊन आली ती लातूरची पोरगी उंच, डावखुरी, हाडापेरानं मजबूत. पहिला स्ट्राईक. दुसरा स्ट्राईक. आता एकच पाहिजे. मुलीनं टाकला आणि त्या डावखुरीनं जो मारला तो बॉल माझ्या डोक्यावरून, लिंबावरून, तुरीत. फाऊल. दोन स्ट्राईकवर फाऊल गेला तर काही बदलत नाही, परत टाकायचा. पण फटका मी बघितला होता. एवढासा सरळ असता तर सगळं संपलं होतं. मी मुलीकडं बघितलं. ती पँटला हात पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती. मला वाटलं, गेला, हात ढिला पडला.

सगळे तुरीत शिरले. मी सगळ्यांत जवळ, म्हणून पहिला मीच शिरलो. बांधापासून तिसऱ्या ओळीत, पाच-सात पावलांवर, तुरीच्या बुडाशी बॉल पडला होता. पांढरा, स्वच्छ दिसत होता.

मी त्याच्यावर पाय ठेवला.

विचार करून ठेवला असं म्हणणार नाही, आणि चुकून पडला असंही म्हणणार नाही. पाय ठेवला आणि वजन दिलं. काळी माती, कालच पाणी दिलेलं. बॉल खाली गेला. चपलेनं वर माती ओढली. मग मी पुढं सरकलो आणि सगळ्यांसारखा वाकून शोधायला लागलो. शेजारून मुलगी गेली. तिनं विचारलं, "अप्पा, इथं बघितलं का?" मी म्हणालो, "हाव, इथं न्हाई."

पंचांनी घड्याळ बघून वेळ दिला. लातूरचे सर म्हणाले, सरावाचा बॉल घ्या, आमची हरकत न्हाई. आमचे सर म्हणाले, सरावाच्या बॉलवर फायनल कुठं होते का, नियम बघा. आमच्या सरांनाही ढाल पाहिजेच होती. बरीच बाचाबाची झाली. ऊन उतरलं. शेवटी पंचांनी जाहीर केलं, बॉल नाही, खेळ इथंच थांबला, सहा-पाच, नांदेड विजयी. आमच्या पोरींनी नाचून घेतलं. लातूरच्या रडल्या. ती डावखुरी बॅट खांद्यावर घेऊन कितीतरी वेळ तुरीकडं बघत उभी होती.

मग निवडीची नावं वाचली. पिचर म्हणून लातूरची घेतली.

आमचे सर तावातावानं मांडवात गेले. मी मागं उभा होतो, मला सगळं ऐकू आलं. समितीचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या पोरीचा हात चांगला हाय. पण दोघी बेसवर असताना ती काय करती, हेच मला बघायचं होतं. लातूरचीला सकाळी त्याच अडचणीतून निघताना बघितलं. तुमचीचं बघायला मिळालं न्हाई. न बघता कसं लिहू?"

मी लिंबाखाली येऊन बसलो.

पोरींनी ढालीबरोबर फोटो काढले. मुलगी कडेला उभी राहिली, हसली, आणि मग मला फाट्यावर सोडायला आली. एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा आपणहून म्हणाली,

"आई असती तर बॉल सापडला असता."

मी वाकून रस्त्यावर एसटी दिसते का ते बघितलं.

"उदगीरला उसात गेलता एकदा. सगळ्यांनी नाद सोडला. ती एकटी आत गेली, हात सगळे कापून आले, पण घेऊन आली. तो सापडला तर फायदा लातूरवाल्यांचा होता, आपला न्हाई. तरी गेली."

आता याच्यावर कुणी गप्प बसावं कसं? मी गप्प बसलो असतो तर आज निदान तिच्या मॅचला तरी जाता आलं असतं. पण मला राहवलं नाही.

"बॉल मला सापडला होता," मी म्हणालो. "मी पाय दिला त्याच्यावर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ओरडेल, रडेल. तिनं एवढंच विचारलं, "कामून?"

"तुझी निवड जाऊ नये म्हणून, बाई. दोघी बेसवर होत्या. ती डावखुरी..."

"म्हंजे तुम्हाला वाटलं मी हारणार."

मी तोंड उघडलं. न्हाई म्हणायला पाहिजे होतं. खोटं का होईना, लगेच म्हणायला पाहिजे होतं. गिऱ्हाइकाला दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. तिथं जीभ उचलली नाही.

"कुठं हाय?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या ओळीत. बांधापासून."

ती वळली आणि मैदानाकडं चालत गेली. लातूरची एक एसटी आली, कंडक्टरनं विचारलं, येता का, मी मान हलवली, ती गेली. बऱ्याच वेळानं मुलगी आली. हाताला कोपरापर्यंत काळी माती.

"सरांकडं देऊन आले," म्हणाली. "सापडला म्हणून सांगितलं. दुसरं काही न्हाई सांगितलं."

मी म्हणालो, "समितीवाले हायेत का अजून? मी सांगतो त्यांना. माझी चूक हाय, मी सांगतो."

"गेले ते," ती म्हणाली. "आन सांगून काय व्हणार? सगळ्या टीमला वाटंल बापानं जिंकून दिलं."

पुढच्या एसटीला गर्दी होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, खिडकीतून आत टाकून जागा धरली, मला चढवलं, आणि खाली उभं राहून म्हणाली, पोचल्यावर फोन करा. मी केला. जेवलीस का. जेवले, तुम्ही? हाव. बरं, ठेवते.

ते आता वर्ष उलटून गेलं. फोन अजून रोज होतो, त्यात खंड नाही. सुट्टीत येते, दुकानात बसते, माझा बीपी किती आहे ते विचारते. वाईट बोलली असं एकदाही झालं नाही. एकदा मीच म्हणालो, यंदा मॅच कधी हाय गं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, अजून तारीख न्हाई आली. मी परत विचारलं नाही.

तारीख येऊन गेली होती. मला ते पेपरातून कळलं. सकाळी दुकान उघडून पेपर पसरला तर आतल्या पानावर फोटो, पोरी आणि मध्ये ढाल. या वेळेला ती कडेला नव्हती, बरोबर मध्ये होती. खाली लिहिलं होतं, शेवटच्या डावात तीन बेसवर तीन खेळाडू असताना हिनं सामना वाचवला, विद्यापीठाच्या संघात पिचर म्हणून निवड. मी ते तीनदा वाचलं. तीन बेसवर तिघी. मला खोबऱ्याच्या वाट्या मांडून बघाव्या लागल्या नाहीत, डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं, फक्त त्यात मी कुठं बसलो होतो ते दिसेना.

शेजारचा टेलर आला. फोटो बघून खूश झाला. "अप्पा, आपली पोरगी! लई भारी. तुम्ही गेलता का बघायला?"

"गेलतो की," मी म्हणालो.

"मंग सांगा ना कसं झालं."

तो स्टूल ओढून बसला. आणि मी त्याला पहिल्या डावापासून सांगायला लागलो.